एका मुक्या ‘एच’ची गोष्ट

श्रोतेहो, समजा, भाद्रपदातल्या एका पहाटे तुम्ही गोठ्याचे दार उघडलेत आणि आत बैल नाही. दावे तुटलेले, गव्हाण पालथी, आणि काल रात्री जिथे मागची भिंत होती तिथून नदीचे गढूळ पाणी वाहते आहे. त्या क्षणी तुम्ही काय कराल? ओरडाल? रडाल? धावत सुटाल? बहुधा यांतले काहीच करणार नाही. निदान पहिले काही क्षण तरी नाही. दारातच उभे राहाल. हातातली बॅटरी हातातच राहील. तोंड उघडे पडेल, पण शब्द फुटणार नाही. रडणे, ओरडणे, धावणे हे सगळे त्यानंतरचे.

मराठीत ही अवस्था सांगायला आपल्यापाशी पुष्कळ शब्द आहेत. काळजात धस्स झाले, हबकून गेलो, तोंडचे पाणी पळाले, पायांखालची जमीन सरकली, गर्भगळित झालो, असे आपण म्हणतो. इंग्रजीत या अवस्थेला एक लहानसा, सहा अक्षरांचा शब्द आहे. तो म्हणजे ‘अगास्ट’. ए, जी, एच, ए, एस, टी. आज मला या एकाच शब्दाविषयी तुमच्याशी बोलायचे आहे. एका शब्दाविषयी इतका वेळ काय बोलणार, असे तुम्हांला वाटेल. पण या शब्दाच्या पोटात सहा-सातशे वर्षांचा इतिहास आहे. आणि त्यातल्या एका अक्षरापायी माझ्या हातून एका मुलावर अन्याय झालेला आहे. ती हकिकत आधी सांगतो, म्हणजे पुढचा इतिहास मी का सांगतो आहे ते ध्यानात येईल.

महाविद्यालयात येण्यापूर्वी काही वर्षे मी एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवीत होतो. गाव नदीकाठचे. मुले आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून चालत येत. नववीच्या वर्गात एकदा मी पुस्तकाबाहेरची एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली. कोणी एक प्रवासी बऱ्याच वर्षांनी आपल्या गावी परत येतो, तर त्याचे घर जळून गेलेले. तो समोर ‘अगास्ट’ उभा राहतो, असे त्या गोष्टीत होते. मी अर्थ सांगितला : “भीतीने आणि धक्क्याने जागच्या जागी थिजलेला.” फळ्यावर शब्द लिहिला नाही. गोष्ट पुढे नेली.

दोन-अडीच महिन्यांनी सहामाही परीक्षा झाली. निबंधाचा विषय होता ‘पावसाळ्यातील एक दिवस’. बहुतेकांनी पाठ केलेले ढग, मोर आणि इंद्रधनुष्य उतरवून काढले. एका मुलाने मात्र आपल्या घरचे लिहिले होते. रात्री नदीचे पाणी गोठ्यात शिरले, बैल वाहून गेला, सकाळी वडिलांनी दार उघडले. आणि पुढचे वाक्य, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, असे होते की वडील ‘अगास्ट’ उभे राहिले. फक्त त्या शब्दात ‘एच’ नव्हता. ए, जी, ए, एस, टी. जसे कानांनी ऐकले तसे त्याने लिहिले होते.

मी त्या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढले आणि अर्धा गुण कापला. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण उत्तरपत्रिका वाटताना मी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि विचारले, “हा कोणता प्राणी आहे बुवा?” वर्ग हसला. तोही थोडासा हसला, आणि खाली बसला.

त्यानंतर वर्षभर त्याने कोणत्याही निबंधात एकही नवा शब्द वापरला नाही. ‘गुड’, ‘बिग’, ‘सॅड’, एवढ्याच शब्दांवर त्याने काम भागवले. एकही चूक नाही, आणि वाचण्यासारखेही काही नाही. मी मात्र त्याचे स्पेलिंग सुधारले म्हणून समाधानी होतो.

पुढे बऱ्याच वर्षांनी, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अठराव्या शतकातल्या एका प्रसिद्ध इंग्रजी कोशाची प्रतिमुद्रा चाळत होतो. पाने उलटता उलटता ‘ए’ या अक्षरात नजर एका शब्दावर अडली. ए, जी, ए, एस, टी. ‘एच’ नाही. छापलेला, ठळक अक्षरांत, अर्थासहित. श्रोतेहो, त्या वेळी माझी जी अवस्था झाली तिला इंग्रजीत कोणता शब्द आहे, ते आता तुम्हीच सांगू शकाल.

आता इतिहासाकडे वळू.

हजारएक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘गास्ट’ असा एक शब्द होता. त्याचा अर्थ श्वास, प्राण, आत्मा. आजचा ‘घोस्ट’, म्हणजे भूत, तो याच शब्दाचा वंशज. जर्मन भाषेतला ‘गाइस्ट’ हाही त्याचाच भाऊबंद. त्याचा अर्थ आजही आत्मा, चैतन्य, बुद्धी असा आहे. म्हणजे मुळात या शब्दात भीतिदायक असे काही नव्हते. आपल्या ‘भूत’ या शब्दाची तऱ्हा पाहा. संस्कृतात ‘भूत’ म्हणजे जे झालेले आहे ते. म्हणून सजीव प्राणी ते भूत, पृथ्वी-आप-तेज ही महाभूते, होऊन गेलेला काळ तो भूतकाळ, आणि प्राणिमात्रावर करायची ती भूतदया. पण रात्री पिंपळाखालून जाताना ‘भूत’ म्हटले की आपल्याला महाभूतेही आठवत नाहीत आणि भूतदयाही आठवत नाही! दोन दूरच्या भाषा, पण माणसाची भीती दोन्हीकडे सारखीच वागली.

‘गास्ट’च्याच कुळात ‘भिवविणे’ या अर्थाचे एक जुने क्रियापद होते. त्याला जोर देण्यासाठी मागे ‘अ’ लागला आणि ‘अगास्टन’ असे क्रियापद झाले. अर्थ : फार भिवविणे, घाबरवून सोडणे. ज्याला असे भिवविले गेले तो ‘अगास्ट’. तेव्हा हा शब्द जन्माने विशेषण नव्हे; आपल्या ‘भ्यालेला’, ‘थिजलेला’ यांसारखे ते धातुसाधित आहे. पुढे क्रियापद वापरातून गेले आणि हे रूप तेवढे मागे राहिले.

इंग्रजी कवितेचा आद्य पुरुष म्हणून ज्याला मान देतात तो चॉसर इ. स. १४०० मध्ये वारला. त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’मधल्या सरदाराच्या कथेत एमिली नावाची तरुणी डायना देवीच्या मंदिरात प्रार्थना करीत असते. वेदीवर दोन अग्नी पेटलेले. एकाएकी त्यांतला एक विझतो आणि पुन्हा पेटतो. मग दुसरा विझतो आणि त्याच्या लाकडांच्या टोकांतून रक्तासारखे थेंब गळू लागतात. ते पाहून एमिलीची जी गत झाली ती सांगायला चॉसरने हाच शब्द घेतला आहे. आणि त्याच्या काव्यात तो ‘एच’शिवाय आहे. आमच्या नववीतल्या मुलाने लिहिला होता, अगदी तसा.

मग हा ‘एच’ आला कुठून? त्यासाठी आपल्याला छापखान्यात जावे लागेल.

विल्यम कॅक्स्टन हा इंग्लंडमधला कापडाचा व्यापारी. धंद्याच्या निमित्ताने तो सुमारे तीस वर्षे समुद्रापलीकडे, मुख्यतः आजच्या बेल्जममधल्या ब्रूज या शहराच्या बाजूस राहिला. तिथली भाषा फ्लेमिश. डचची सख्खी बहीण. जर्मनीतल्या कोलोन शहरी त्याने मुद्रणाची नवी विद्या पाहिली, ब्रूजला स्वतः छापखाना काढला, आणि १४७६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे येऊन इंग्लंडमधला पहिला छापखाना उभारला. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’ची पहिली छापील प्रत याच छापखान्यातून निघाली.

त्या काळी इंग्रजी एक नव्हती. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, तसेच तिथे होते. कॅक्स्टनने १४९० मधल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक मौजेचा किस्सा दिला आहे. काही व्यापारी जहाजातून निघाले होते. वारा पडला म्हणून किनाऱ्याला थांबले आणि एका घरी जाऊन खायला मागू लागले. त्यांतल्या एकाने ‘एग्ज’ म्हणजे अंडी मागितली. घरची बाई म्हणाली, “मला बाबा फ्रेंच येत नाही!” व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते, तो बिचारा इंग्रजीच बोलत होता. शेवटी दुसऱ्याने सांगितले की त्याला ‘एरन’ पाहिजेत. तेव्हा बाईला उमगले. ‘एरन’ हा अंड्यांचा जुना इंग्रजी शब्द, आणि ‘एग्ज’ हा उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांबरोबर आलेला. कॅक्स्टन विचारतो की अशा वेळी माणसाने लिहायचे तरी काय? त्याची अडचण खरी होती. बोलणारा माणूस दोन्ही शब्द बोलून पाहतो. छापणाऱ्याला एकच निवडावा लागतो, आणि तो शेकडो प्रतींवर उमटतो.

शब्दांचे झाले तेच स्पेलिंगचे. हाताने पोथ्या उतरवणारे लेखनिक एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहीत आणि त्याचे कोणाला काही वाटत नसे. कॅक्स्टनच्या हाताला फ्लेमिश लेखनाचे वळण पडलेले होते आणि त्याचे मदतनीसही समुद्रापलीकडून आलेले होते. फ्लेमिश लिहिण्यात भुताच्या शब्दात ‘जी’नंतर ‘एच’ लिहीत. झाले! इंग्रजी भुतालाही ‘एच’ चिकटला. त्या वेळी हंस जातीचा पक्षी ‘गूस’, बकरी म्हणजे ‘गोट’ आणि मुलगी म्हणजे ‘गर्ल’ हे शब्दसुद्धा काही ठिकाणी ‘एच’ घालून छापले गेले. त्यांचा ‘एच’ पुढे गळून पडला. भुताचा तेवढा राहिला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘घोस्ट’चे हे स्पेलिंग सर्वत्र रूढ झाले.

‘अगास्ट’ मात्र एवढ्या लवकर बदलला नाही. स्कॉटिश लिखाणात पंधराव्या शतकापासून अधूनमधून ‘एच’ दिसतो, हे खरे. पण इंग्लंडात लोक बराच काळ ‘एच’शिवायच लिहीत राहिले. शेक्सपियरने ‘किंग लिअर’ नाटकात ‘घाबरलेला’ या अर्थी याच कुळातला ‘गास्टेड’ हा शब्द वापरला आहे; तो ‘एच’शिवाय छापलेला आहे. १६६७ मध्ये मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’ प्रसिद्ध झाले. त्यात नरकाची भूमी प्रथम पाहणाऱ्यांचे डोळे वर्णन करताना ‘अगास्ट’ आला आहे, तोही ‘एच’शिवाय. पुढे १७०० नंतर केव्हातरी लोकांच्या मनात ‘अगास्ट’ आणि ‘घोस्ट’ यांची गाठ घट्ट बसली. भूत पाहिल्यासारखी ज्याची अवस्था तो ‘अगास्ट’. मग भुताच्या अंगावर ‘एच’ आहे, तर भूत पाहणाऱ्याच्याही असायला हवा! अशा तऱ्हेने तो ‘एच’ इथे आला आणि कायमचा बसला. त्याला उच्चार नाही. तो बोलत नाही, नुसता बसून असतो.

आता तो कोश, ज्यात मला हे दिसले. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन यांनी आठ-नऊ वर्षे खपून १७५५ मध्ये इंग्रजी भाषेचा कोश प्रसिद्ध केला. सुमारे बेचाळीस हजार शब्द, आणि जवळजवळ एकट्याच्या देखरेखीखाली. शब्दांच्या बाबतीत इंग्लंडात त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. पण ‘अगास्ट’पाशी येऊन डॉक्टर जॉन्सनसुद्धा अडखळले. त्यांनी हा शब्द दोनदा नोंदवला : एकदा ‘एच’शिवाय, एकदा ‘एच’सह. एके ठिकाणी त्यांना वाटले की ‘टक लावून पाहणे’ या अर्थाच्या ‘गेझ’शी याचा संबंध असावा, आणि ‘एच’ चुकीच्या व्युत्पत्तीमुळे आला असावा. दुसरीकडे त्यांनी भुताशी नाते असण्याचीही शक्यता मांडली. कदाचित हे मुळात दोन निरनिराळे शब्द असतील, असेही सुचवले. निवाडा दिला नाही.

मला या गोष्टीचे फार वाटते. जिथे डॉक्टर जॉन्सन दोन्ही रूपे ठेवून थांबले, तिथे मी एका मुलाला वर्गासमोर उभे केले होते.

हा गुंता पुढे सुटला तो एका शाळामास्तराच्या हाताखाली, आणि शिक्षक बंधुभगिनींनो, हे आपण मुद्दाम ऐकावे. जेम्स मरी हा स्कॉटलंडमधल्या डेनहोम या खेड्यातल्या शिंप्याचा मुलगा, जन्म १८३७चा. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पुढचे सगळे शिक्षण स्वतःच्या जिवावर. शाळेत शिकवता शिकवता त्याने कितीतरी भाषा आत्मसात केल्या. १८७९ मध्ये त्याच्याकडे एका प्रचंड इंग्रजी कोशाचे संपादन आले. तोच पुढे ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ या नावाने प्रसिद्ध झाला. मरी यांनी अंगणात लोखंडी पत्र्याची खोली बांधली. देशोदेशींचे स्वयंसेवक जुनी पुस्तके वाचून एकेका शब्दाची चिठ्ठी लिहून पाठवीत : शब्द कोणत्या साली, कोणत्या पुस्तकात, कसा आला. त्या लाखो चिठ्ठ्या लावून प्रत्येक शब्दाचा इतिहास उभा राहिला. कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला. तो ‘ए’पासून ‘अँट’ म्हणजे मुंगी या शब्दापर्यंत होता. तेव्हा आपला ‘अगास्ट’ त्या पहिल्याच भागात आला. सबंध कोश पुरा व्हायला १९२८ साल उजाडले. मरी त्याआधीच, १९१५ मध्ये वारले होते.

मरी यांच्या पद्धतीत मोठी गोष्ट ही की कोणाचे बरोबर, कोणाचे चूक, असे आधीच ठरवायचे नाही. माणसांनी शब्द कसा वापरला ते पाहायचे, सालवारीने मांडायचे, आणि मग बोलायचे. तसे मांडले तेव्हा स्पष्ट झाले की ‘अगास्ट’चे जुने रूप ‘एच’शिवायचे, आणि ‘एच’ हा नंतरचा पाहुणा.

आता थोडे अर्थाविषयी आणि वापराविषयी. विद्यार्थ्यांना याचा उपयोग होईल.

धक्का सांगणारे इंग्रजीत पुष्कळ शब्द आहेत, पण प्रत्येकाचे घराणे वेगळे. ‘ॲस्टॉनिश्ड’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली मेघगर्जना आहे. वीज कडाडून माणूस सुन्न व्हावा तसे. ‘अपॉल्ड’च्या मुळाशी पांढरे पडणे आहे, भीतीने चेहऱ्यावरचे रक्त उतरते ते. ‘हॉरर’च्या मुळाशी अंगावर काटा उभा राहणे आहे. आणि ‘अगास्ट’च्या मुळाशी भूत. कडाडणारी वीज, उतरलेला चेहरा, अंगावरचा काटा आणि भूत : यांतले तुमच्या-आमच्या अनुभवाबाहेरचे काय आहे? इंग्रजी शब्द परके वाटतात ते वरून. आत गेले की आपलीच माणसे भेटतात.

पण शब्द वापराने झिजतात. ‘ॲस्टॉनिश्ड’मधली वीज आता विझली आहे, मुलाला चांगले गुण मिळाले तरी बाप ‘ॲस्टॉनिश्ड’ होतो. आपल्याकडे ‘भयंकर’ शब्दाचे तेच झाले. “पुरणपोळी भयंकर आवडली” असे म्हणताना पुरणपोळीची भीती कोणालाच वाटत नसते. ‘अगास्ट’ मात्र फारसा झिजला नाही. आनंदाच्या धक्क्याला तो चालत नाही. लॉटरी लागली म्हणून कोणी ‘अगास्ट’ होत नाही. म्हणून ‘थक्क’ हा त्याचा मराठी प्रतिशब्द नव्हे. सुंदर देखावा पाहूनही माणूस थक्क होतो. ‘चकित’ तर मुळीच नव्हे. ‘हबकलेला’ किंवा ‘भयचकित होऊन थिजलेला’ हे जवळचे. ‘काळजात धस्स होणे’ हेही जवळचे, पण ते आतले झाले. ‘अगास्ट’ माणूस बाहेरूनही दिसतो. त्याचा चेहरा, त्याचे उघडे तोंड, त्याचे थांबलेले हातपाय आपल्याला दिसतात.

आजच्या इंग्रजीत या शब्दाला आणखी एक छटा आली आहे. काहीतरी फार अनुचित ऐकल्यावर, “हे कसे शक्य आहे!” असा जो धक्का बसतो, त्यालाही ‘अगास्ट’ म्हणतात. वडिलोपार्जित जमीन विकून टाकू या, असे नातवाने सहज म्हटले आणि चुलीपाशी बसलेली आजी भाकरी थापता थापता थांबली, तर ती ‘अगास्ट’. तिथे भूत नाही, जिवाची भीती नाही. पण मनाला न पटणारे काही अंगावर आल्यासारखे झाले आहे. चॉसरच्या एमिलीपासून या आजीपर्यंत शब्दाचा प्रवास असा झाला.

व्याकरणाची एकच गोष्ट सांगतो. हा शब्द नामाच्या आधी ठेवू नये. ‘अगास्ट मॅन’ असे म्हणत नाहीत. ‘द मॅन वॉज अगास्ट’ किंवा ‘द मॅन स्टुड अगास्ट’ असे म्हणतात. कशामुळे, ते सांगायचे तर पुढे ‘ॲट’ हे अव्यय येते : ‘ही वॉज अगास्ट ॲट द न्यूज’. आणि उच्चार ‘अगास्ट’. अमेरिकेत ‘अगॅस्ट’ ऐकू येईल. पण ‘अघास्ट’ कुठेही नाही.

आपली मुले ‘अघास्ट’ आणि ‘घोस्ट’ म्हणतात. मीही आता बोलण्याच्या ओघात ‘घोस्ट’च म्हणत आलो, कारण मराठीत तो तसाच रुळला आहे. खरा उच्चार ‘गोस्ट’. यात मुलांचा दोष कमी. आपल्या भाषेत ‘ग’ आणि ‘घ’ हे दोन स्वतंत्र वर्ण आहेत, आणि रोमन लिपीत ‘घ’ लिहायचा तर आपण ‘जी’पुढे ‘एच’ लिहितो. घाट, घोरपडे, घाटगे ही नावे आपण तशीच लिहितो. सह्याद्रीच्या रांगांना इंग्रजांनी ‘घाट्स’ म्हटले, ते आपल्या ‘घाट’ शब्दावरून. त्या ‘घाट’मधल्या ‘एच’ला काम आहे, तो श्वास टाकतो. ‘घोस्ट’मधला ‘एच’ मुका आहे. दिसायला दोघे सारखे, पण एक आपल्या भाषेतला ध्वनी घेऊन गेला आणि दुसरा फ्लेमिश लेखनाच्या सवयीतून आला. हे एकदा मुलांना सांगितले, की ‘घाट’ आणि ‘घोस्ट’ शेजारी शेजारी फळ्यावर लिहावेत. मुले पुन्हा विसरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

कोणी म्हणेल, इंग्रजांची ही मुकी अक्षरे म्हणजे निव्वळ अडाणीपणा. तसे म्हणण्याआधी घरातल्या जुन्या वह्या काढून पाहाव्यात. आजोबांच्या अक्षरात ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तेथें’, ‘घरांत’ असे शब्द सापडतील. त्यांवरच्या कितीतरी टिंबांचा उच्चार होत नव्हता. ती टिंबे एके काळच्या व्युत्पत्तीची आणि व्याकरणाची खूण म्हणून डोक्यावर राहिली होती, आणि ती विसरली म्हणून आपल्या शाळांतल्या मुलांनीही छड्या खाल्ल्या असतील. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने मान्य केले आणि उच्चार न होणारे ते अनुस्वार गेले. काल जे अशुद्ध होते ते आज शुद्ध झाले. आपण आपली मुकी टिंबे सोडली. इंग्रजांनी आपला मुका ‘एच’ ठेवला. दोन्हींत ठरवणारी माणसेच होती.

याचा अर्थ स्पेलिंग कसेही लिहावे असा मुळीच नाही. आज ‘अगास्ट’ लिहायचा तर ‘एच’ घालूनच लिहायचा. परीक्षेत ‘एच’ नसेल तर गुण जाईल, आणि जायला हरकत नाही. सगळ्यांनी एका तऱ्हेने लिहिले तर वाचणाऱ्याची सोय होते. कॅक्स्टनच्या काळचा तो अंड्यांचा घोटाळा कोणाला परत हवा आहे? पण नियम हा सोयीसाठी केलेला करार आहे. तो मोडणारा चुकतो. तो मूर्ख ठरत नाही, आणि हसण्याचा विषय तर नाहीच नाही.

त्या मुलाचे काय चुकले होते, ते मी आता असे मांडतो. त्याने एक परका शब्द कानांनी ऐकला. दोन-अडीच महिने मनात जपला. त्याच्या घरावर जी आपत्ती आली ती सांगायला तोच शब्द लागणार, हे त्याने ओळखले. तो वाक्यात योग्य जागी, क्रियापदानंतर, ठेवला. आणि ऐकला तसा लिहिला. चॉसर-मिल्टनच्या छापील पानांवर आहे तसाच. त्याच्या वडिलांची त्या पहाटेची अवस्था सांगायला याहून नेमका शब्द इंग्रजीत मलाही सापडला नसता. एवढे सगळे बरोबर होते, आणि मला दिसला तो न लिहिलेला, न बोलणारा एक ‘एच’. वडील दारात कसे उभे होते, बैलाचे पुढे काय झाले, हे मी त्याला एका शब्दाने विचारले नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या हातात लाल शाईचे पेन असते. ते असावेच. पण वर्तुळ काढण्याआधी ते वाक्य एकदा पुरते वाचावे. मुलाने काय सांगितले आहे ते आधी बघावे, कसे लिहिले आहे ते नंतर. चूक दाखवायची तर कोपऱ्यात, वहीत दाखवावी, फळ्यावर नव्हे. आणि शक्य असेल तेव्हा ती चूक कुठून आली तेही सांगावे. “इथे ‘एच’ लिही” असे म्हटले तर मूल आज लिहील आणि उद्या विसरेल. “हा ‘एच’ भुताच्या शब्दातून आला, तो समुद्रापलीकडून आलेल्या छापखान्याच्या वळणाचा, आणि पूर्वी तुझ्यासारखेच सगळे लिहीत होते” असे सांगितले, तर त्या मुलाला ती भाषा थोडी आपली वाटेल.

तो मुलगा आता पस्तिशीच्या आसपास असेल. दहावीनंतर गाव सोडून कामाला गेला, एवढेच कानावर आहे. पुढे त्याची माझी गाठ पडली नाही. तो अर्धा गुण आता मी कुठल्या गुणपत्रिकेत मिळवणार? तेवढ्यासाठी आजचा हा विषय घेतला. माझ्या वर्गात आता ‘अगास्ट’ शब्द आला की मी दोन्ही रूपे फळ्यावर लिहितो, आधी जुने आणि मग आजचे, आणि एका बैलाची गोष्ट सांगतो. मुलाचे नाव सांगत नाही. चूक कोणाची होती, ते मात्र सांगतो.